एक्केचाळीस जीबी

पद्माकरराव वळसंगकरांना सगळं येतं. एखादी गोष्ट त्यांना येत नसेल, तर ती मुळात करण्याच्या लायकीची नसते, हा त्यांचा साधा हिशेब. केंद्राच्या एका मंत्रालयात छत्तीस वर्षं फायली सरकवून ते अंडर सेक्रेटरी झाले, आणि अंडर सेक्रेटरी म्हणजे देवाच्या खालोखालचं पद अशा तोऱ्यात दिल्लीत आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टरमध्ये वावरू लागले. घरात मीठ संपलं तरी ‘मीठ संपलं’ असं म्हणणार नाहीत, ‘मिठाचा विषय प्रलंबित आहे’ म्हणतील. त्यांच्या बायकोनं, हेमलतानं, हे चौतीस वर्षं ऐकलं. आधी तिला हसू यायचं, मग राग यायचा, आणि शाळेतली भूगोलाची नोकरी संपवून ती घरी बसली तेव्हापासून तिला नुसता कंटाळा यायचा.

माणसाला एक वेळ काही येत नसलं तर चालतं हो. पण अर्धवट येणारा माणूस घरात असला की देव आठवतो.

लॉकडाऊनमध्ये सरकारी कामं घरून सुरू झाली, तेव्हा ऑफिसातल्या कुणीतरी पद्माकररावांच्या घरच्या लॅपटॉपवर एक फोल्डर बसवून दिला. त्यात टाकलेली प्रत्येक गोष्ट आपोआप ऑफिसच्या क्लाउडवर जायची. झालं! जणू ढग ह्यांच्या वाडवडिलांनीच आकाशात टांगले होते. मराठी मंडळाच्या कोजागरीला भेटेल त्याला दूध हातात धरून व्याख्यान. “तुम्ही लोक दर महिन्याला स्टोरेज कशाला विकत घेता, यार? आम्हाला पन्नास जीबी मिळतात, लाइफटाइम!” कोणाची लाइफटाइम, हे त्यांनी कधी विचारलं नाही. खातं नोकरीबरोबर संपणार, हे कागदावर लिहिलेलं होतं. पण कागद दुसऱ्यांनी वाचायचे आणि ह्यांनी सही करायची, अशी त्यांची छत्तीस वर्षांची शिस्त.

एक दिवस त्यांनी हेमलताच्या टेबलावर पसरलेलं सामान पाहिलं. रेकॉर्डर, मेमरी कार्डं, वायरी, आणि नावं लिहिलेली पाकिटं.

“हा काय बाजार मांडलायस? सगळं माझ्या फोल्डरमध्ये टाक आणि ही कार्डं साफ कर. डुप्लिकेशन कशाला? क्लाउडवर गेलं म्हणजे सरकारच्या तिजोरीत गेलं.”

आणि हेमलतानं ऐकलं. शहाणीसुरती बाई, तीस वर्षं पोरांना नकाशे वाचायला शिकवलेली, ह्या माणसाचं एक धड वाक्य आयुष्यात खरं ठरलेलं न पाहिलेली, तिनं ऐकलं. सगळं फोल्डरमध्ये टाकलं, डोळ्यांनी वर गेलेलं पाहिलं, आणि एकेक कार्ड पुसून मुलीला, रेवतीला, कॅमेऱ्यासाठी देऊन टाकलं. पुढे ह्या आठवणीनं तिला जितका संताप यायचा, तितका नवऱ्याच्या कुठल्याही पराक्रमानं आला नाही.

त्या कार्डांवर काय होतं, ते सांगते.

एका संक्रांतीच्या हळदीकुंकवात हेमलताच्या लक्षात आलं, की दिल्लीत पन्नास-साठच्या दशकात नवऱ्याच्या नोकरीमागून आलेल्या बायका आता बोटांवर मोजण्याइतक्या उरल्यात. नवऱ्यांची सगळी नोंद सरकारकडे होती. कधी रुजू झाले, कधी बढती, कधी पेन्शन. बायकांची नोंद कुठे? रेशनकार्डावर. तिनं रेकॉर्डर घेतला आणि बसनं, मेट्रोनं, कधी स्कूटरवाल्याशी, म्हणजे तिथल्या रिक्षावाल्याशी, हुज्जत घालत नऊपैकी आठजणींच्या घरी जाऊन बसली; नववी घरातच होती. तीन वर्षं गेली त्यात. एकीनं सांगितलं की रजई म्हणजे काय ते माहीत नव्हतं, पहिल्या हिवाळ्यात दोन नऊवारी एकावर एक नेसून झोपायचे. एकीला शेजारणीची पंजाबी कळायची नाही आणि शेजारणीला हिचं मराठी, तरी दोघींनी एकमेकींची बाळं न्हाऊ घातली. एकीनं नवऱ्याच्या साहेबाच्या बायकोला वर्षभर फुकट डबे केले आणि ते सांगताना अशा शिव्या घातल्या की हेमलतानं रेकॉर्डर उशीखाली लपवला. साठ-पासष्ट तासांचं बोलणं. पुण्यातल्या एका जाणकारानं सांगितल्यामुळे आवाज अगदी उत्तम प्रतीचा घेतला होता, म्हणून फायली चांगल्या जाडजूड. सगळं मिळून एक्केचाळीस जीबी.

फायलींना नावं द्यायची वेळ आली तेव्हा गंमत झाली. पूर्वी लग्नात ताटात तांदूळ पसरून त्यावर अंगठीनं मुलीचं नवं नाव काढायचे, आणि त्या क्षणापासून जुनं नाव संपलं. कुणी हाक मारणारंच उरायचं नाही. हेमलतानं पहिल्या बाईंना विचारलं, “तुमचं नाव काय लिहू?” तर त्या चटकन म्हणाल्या, “माहेरचं लिही. ते कुठेच लिहिलेलं नाही.” मग नऊच्या नऊजणींनी तेच सांगितलं. फायलींची यादी झाली ती अशी माहेरच्या नावांची, जी घरात कुणालाच ठाऊक नव्हती.

सहावी फाइल होती ‘भानुमती’. सात तास. भानुमती म्हणजे हेमलताच्या सासूबाई, सासरच्या कुमुदिनी, पद्माकररावांच्या आई. पद्माकरराव ऑफिसला गेले की दुपारी भांडीवाली येऊन गेल्यावर दोघी बाल्कनीत बसायच्या आणि सासूबाई बोलायच्या. “पद्माला सांगू नकोस गं,” त्या म्हणाल्या होत्या. “तो म्हणेल, आई काय बडबडतेस. मग मला बोलवायचं नाही पुढे.” हेमलतानं सांगितलं नाही. ह्या सासूबाईंनीच तिच्या लग्नात तांदळाचं ताट परत पाठवलं होतं. ‘राहू दे तिचं नाव तिला’ म्हणाल्या होत्या. चार वर्षांपूर्वी त्या गेल्या.

डिसेंबरात पुण्याच्या एका संग्रहालयातून प्रणिता नावाच्या मुलीचा फोन आला. तिनं ह्या कामाबद्दल ऐकलं होतं. सगळं रेकॉर्डिंग कायमचं जतन करू, लोकांना ऐकायला ठेवू, फेब्रुवारीत समारंभ करू म्हणाली. साठीच्या बाईला एवढा आनंद झाला की तिनं फोन ठेवून आधी चहा केला, दोन कप, दोन्ही स्वतःच प्यायली. मग लॅपटॉप उघडला.

फोल्डर होता. नाव तेच. आत काही नाही.

तिनं बंद करून उघडला. लॅपटॉप बंद करून चालू केला. चष्मा पुसला. माणूस अशा वेळी काय काय करतो! मग बाहेरच्या खोलीत गेली. पद्माकरराव पेपर वाचत होते.

“अहो, माझं रेकॉर्डिंग कुठे आहे?”

“कुठलं?”

“त्या बायकांचं. तुमच्या फोल्डरमध्ये टाकलेलं.”

“अच्छा, ते!” त्यांनी पेपर खाली घेतला आणि हसले. “ते वीड आउट केलं. ऑक्टोबरात स्वच्छता मोहीम होती ना आमची. जुन्या फायली काढा, जागा मोकळी करा, आकडे वर पाठवा. ह्या वेळी डिजिटल जागाही मोजणार होते. बाकीच्या सेक्शनांना दोन-दोन, तीन-तीन जीबीच्या वर काढता आलं नाही. आपण एक्केचाळीस! फर्स्ट आलो.”

“म्हणजे पुसलं?”

“ऑफिस कॉपी पुसली गं. तुझी घरची कॉपी आहे ना लॅपटॉपवर.”

इथे ह्या माणसाची सगळी अक्कल कळते. छत्तीस वर्षं कार्बन लावून तीन प्रती काढल्या होत्या. एक वर, एक खाली, एक ऑफिस कॉपी. ऑफिस कॉपी फाडली म्हणून वर गेलेलं पत्र काही फाटत नाही. त्यांना वाटलं क्लाउड म्हणजे तसाच, तिसरा कागद. घरातली प्रत घरात, ऑफिसातली ऑफिसात, मधे टपाल. मंत्रालयात कुणाला विचारलं असतं तर कालच्या भरतीच्या पोरानंही सांगितलं असतं. पण विचारायचं म्हणजे आपल्याला माहीत नाही हे मान्य करायचं, आणि ते तर नियमांत बसत नव्हतं.

हेमलतानं रेवतीला फोन लावला, स्पीकरवर. रेवती गुरुग्रामला राहायची, मानेसरच्या एका कारखान्यात नोकरी करायची, आणि आईसारखीच तोंडाळ होती.

“आई, ते सिंक होतं, बॅकअप नाही,” रेवती म्हणाली. “आरशासमोरची वाटी उचलली तर आरशातली राहील का? तिकडे पुसलं की इकडेही पुसलं जातं.”

“मग परत आणता येईल का?”

“रिसायकल बिनमध्ये तीस दिवस राहतं. कधी पुसलं बाबांनी?”

“सतरा ऑक्टोबरला,” पद्माकरराव मागून अभिमानानं म्हणाले. तारखा त्यांच्या पक्क्या.

त्या दिवशी नऊ डिसेंबर होता. फोनवर रेवतीनं दिवस मोजले. मग तिनं एक हिंदी शिवी घातली, जी बाबांना ऐकू गेली नाही असं बाबांनी दाखवलं.

तरी हेमलतानं सोडलं नाही. ऑफिसच्या कॉम्प्युटरवाल्यांना फोन केले, नेहरू प्लेसला लॅपटॉप घेऊन गेली, रेवतीकडून कार्डं परत मागवली. त्यांच्यावर आता हिमाचलच्या सहलीचे फोटो चार वेळा लिहून पुसले गेले होते. दुकानातल्या मुलानं दोन दिवस खटपट केली आणि डोकं हलवलं.

घरी पद्माकरराव तिला समजावू लागले. हे तर अजून भयंकर.

“नियमच आहे तो, हेमा. तीस दिवसांत आक्षेप घ्यायचा असतो. तू घेतला नाहीस.”

“मला माहीत होतं का?”

“माहिती ठेवायला पाहिजे. आणि एवढं काय त्यात? परत रेकॉर्ड कर.”

“नऊपैकी सात जणी गेल्या.”

पद्माकररावांनी विचार केला. खरंच केला, कपाळाला आठी घालून.

“मग दोघींचं कर,” ते म्हणाले. “सुरुवात तर होईल.”

त्या दोघींपैकी एक नागपूरला मुलीकडे होती आणि आता लेकीलाही ‘आपण कोण’ विचारत होती. दुसरीची वाचा गेली होती. हेमलतानं हे नवऱ्याला सांगितलं नाही. गाढवापुढे गीता वाचून तिचा घसा आधीच बसला होता. प्रणिताला तिनं कळवलं, की नाही आता काही. ती मुलगी फोनवर रडली. परक्या मुलीनं रडावं आणि घरच्या माणसानं पेपर वाचावा!

आणि सहाव्या फायलीचं? तेही तिनं सांगितलं नाही. तोंडावर आलं होतं, नऊ डिसेंबरलाच. अहो, तुमच्या आईचा आवाज होता त्यात, सात तास. पण तिला नवरा पुरता ठाऊक होता. तो ढसाढसा रडला असता. मग त्याला पाणी द्या, पाठीवरून हात फिरवा, तुमची काही चूक नाही म्हणा, रात्री बीपीची गोळी द्या. तिचं दुःख बाजूलाच राहिलं असतं आणि घरात सुतक पद्माकररावांचं चालू झालं असतं. नको बाई. तिनं ते दाताखाली धरून ठेवलं.

जानेवारीत पद्माकररावांच्या रिटायरमेंटची तयारी सुरू झाली. ऑफिसातली खोकी घरी यायला लागली: डायऱ्या, शिल्डं, कॅलेंडरं, कुणाकुणाच्या लग्नाच्या पत्रिका. लावायचं काम अर्थातच हेमलताचं. एका खोक्यात तिला स्वच्छता मोहिमेची फाइल सापडली. पुसायच्या आधी पद्माकररावांनी यादी केली होती. नष्ट करायच्या कागदांची यादी करायची, कारण लिहायचं, खाली सही करायची. नियम तो नियम. त्यांनी आपल्या बायकोच्या नऊ फायलींचीही रीतसर यादी केली होती, छापली होती, आणि शाईच्या पेनानं सही केली होती.

हेमलता खोक्यावरच बसली. नऊ ओळी. प्रत्येकीपुढे आकार आणि शेवटच्या रकान्यात कारण. ‘कामकाजाशी संबंध नाही.’ ‘कालबाह्य.’ ‘बोलणे अस्पष्ट.’ म्हणजे एखादी तरी फाइल त्यांनी उघडली होती, दोन मिनिटं ऐकली होती! पुढची उघडायचा मात्र कंटाळा केला. सहावी ओळ: ‘भानुमती. ४.६ जीबी. असंबंधित व्यक्ती.’

तिनं त्या पानाचा मोबाइलवर फोटो काढला आणि फाइल होती तिथे ठेवून दिली. फोटो स्वच्छ आला.

एकतीस जानेवारीला निरोप समारंभ. कॉन्फरन्स हॉल, समोसे, बर्फी, झेंडूचे हार, शाल. सरकारी निरोपात बायकोलाही बोलावतात आणि नवऱ्याशेजारी खुर्चीवर बसवून फुलांचा गुच्छ देतात, की घ्या, एवढी वर्षं हे सांभाळलंत, आता पूर्णवेळ सांभाळा. जॉइंट सेक्रेटरी उभे राहिले. त्यांनी पद्माकररावांचं नाव चुकीचं उच्चारलं आणि कामगिरी वाचायला घेतली. वाचण्यासारखं फारसं नव्हतंच, म्हणून मोहिमेवर आले.

“वलसंगकरजी ने अकेले इकतालीस जीबी स्पेस फ्री करवाया। पूरे विभाग में प्रथम!”

टाळ्या पडल्या. दणदणीत पडल्या. आकडा ऐकला की टाळ्या, ही तिथली सवय. कुणाला वाटलं नाही की विचारावं, बाबा, त्या जागेत होतं काय? आणि सगळे वाजवतायत, जॉइंट सेक्रेटरी आपल्याकडे बघून हसतायत, म्हणून हेमलतानंही टाळी वाजवली. तीन-चारदा वाजवली. मग तिला आपलेच हात दिसले आणि तिनं ते गुच्छाखाली लपवले. त्या हॉलमधल्या सगळ्या माणसांची तिला शिसारी आली, आणि त्यांत ती स्वतःही होती.

मग पद्माकरराव बोलायला उठले. आभार मानले, वरिष्ठांचे, कनिष्ठांचे, शिपायांचे. आवाज जड झाला.

“आज मेरी माताजी होतीं तो बहुत खुश होतीं। वो हमेशा कहती थीं, बेटा, फाइल में भी भगवान होता है।”

हेमलता नवऱ्याकडे बघतच राहिली. सासूबाई? सासूबाई फायलींना ‘ती मेली बाडं’ म्हणायच्या! सासऱ्यांनी घरी आणलेली एक फाइल त्यांनी चुलीजवळ ठेवली होती, शेकोटीला, ते खुद्द रेकॉर्डरवर सांगून खोखो हसल्या होत्या. आणि ह्या माणसानं आईचं तोंड कायमचं बंद करून वर तिच्या नावावर आपलं वाक्य खपवलं. पुढच्या रांगेतल्या एका बाईंनी डोळे पुसले. पद्माकररावांनीही पुसले. ते खोटं रडत नव्हते हो, हीच तर आफत. आपलं वाक्य आईचं आहे ह्यावर त्यांचा मनापासून विश्वास बसला होता.

समारंभ संपला. रिटायर होणाऱ्याला शेवटच्या दिवशी ऑफिसची गाडी घरी सोडते, तशी ह्यांनाही मिळाली. ड्रायव्हर श्याम बिहारचा, मराठीचा गंध नाही. हेमलताला तेवढंच हवं होतं. गळ्यात तीन हार घालून पद्माकरराव मागच्या सीटवर टेकले.

“छान झालं ना? आईबद्दल बोललो, तेव्हा हॉल कसा शांत झाला, पाहिलंस?”

हेमलतानं पर्समधून मोबाइल काढला, फोटो उघडला आणि त्यांच्या हातात दिला.

“सहावी ओळ वाचा.”

“हे काय, माझी यादी? अगं, हे गोपनीय आहे.”

“वाचा.”

त्यांनी चष्मा चढवला. “भानुमती. चार पॉइंट सहा. असंबंधित व्यक्ती. बरं, मग?”

“कोण ही भानुमती?”

“मला काय माहीत? तुझ्या मंडळातली कुणीतरी.”

“तुमच्या आईचं माहेरचं नाव काय होतं?”

पद्माकररावांनी तोंड उघडलं आणि तसंच ठेवलं. साठ वर्षांचा माणूस. फाइल क्रमांक, परिपत्रकाच्या तारखा, कोण कुठल्या वर्षी कुणाच्या जागी आला, सगळं मुखपाठ. सिग्नल हिरवा झाला, गाडी पुढे गेली, दुसरा सिग्नल आला, तरी त्यांना सांगता आलं नाही.

“आईचं नाव कुमुदिनी,” ते शेवटी म्हणाले.

“ते तांदळावरचं.”

मग त्यांनी पुन्हा मोबाइलकडे पाहिलं. अंगठ्यानं ती ओळ मोठी केली. त्यांचा रंग उतरत गेलेला हेमलताला बाजूनं दिसत होता, आणि तिला बरं वाटत होतं. का खोटं बोला? फार बरं वाटत होतं.

“आईचं पण होतं त्यात?”

“सात तास.”

“कधी केलंस?”

“तुम्ही ऑफिसात असताना. तुम्हाला सांगू नको म्हणाल्या होत्या. तुम्ही गप्प बसवाल म्हणून.”

“तू तरी मला डिसेंबरात सांगायचंस!”

“काय उपयोग होता? तुम्ही रडला असतात आणि मला तुम्हाला गप्प करत बसावं लागलं असतं.”

ते रडले नाहीत. हे मात्र तिच्या हिशेबात नव्हतं. त्यांनी गळ्यातले हार एकेक करून काढले, मांडीवर ठेवले, आणि पाकळ्या कुस्करत बसले. आरशातून श्याम एकदा मागे बघून गेला.

“माझ्याबद्दल काही म्हणाली होती का?” पद्माकररावांनी विचारलं. आवाज अंडर सेक्रेटरीचा नव्हता.

ह्याच प्रश्नाची हेमलता जवळजवळ दोन महिने वाट पाहत होती. सासूबाई बोलल्या होत्या ना! ते वाक्य ह्यांच्या तोंडावर फेकायचं, की जन्मभर विसरणार नाहीत, असं तिनं कितीदा ठरवलं होतं.

“तुम्ही सहा वर्षांचे होतात,” ती म्हणाली. “सरोजिनी नगरच्या बाजारात दिवाळीच्या गर्दीत हरवलात. त्या वेड्यासारख्या सगळ्या दुकानांतून धावत होत्या. हिंदी येत नव्हतं, पदर सुटलेला. शेवटी सापडलात कुठे, तर एका हलवायाच्या बाकड्यावर, जिलबी खात. पोलीस तुम्हाला विचारत होता आणि तुम्ही सेक्टर, ब्लॉक, क्वार्टर नंबर, सगळं बिनचूक सांगत होतात. पोलिसानं विचारलं, मां का नाम क्या है, तर तुम्ही म्हणालात, आई.”

“मग?”

“मग त्या हसल्या. म्हणजे सांगताना. खूप हसल्या. मग जरा थांबल्या. आणि मग तुमच्याबद्दल म्हणाल्या...”

ते वाक्य ऐकून हेमलता त्या दुपारी उठून स्वयंपाकघरात गेली होती आणि ओट्याला धरून रडली होती. नंतर तिनं ती फाइल तीनदा ऐकली होती. लिहून ठेवावं असं एकदा मनात आलं होतं. मग म्हटलं, कशाला, आहे की वर.

“काय म्हणाली?” पद्माकरराव तिच्याकडे वळून बसले होते. “हेमा, काय म्हणाली?”

तिनं डोळे मिटले. बाल्कनी दिसली, वाळत घातलेले टॉवेल दिसले, रेकॉर्डरचा लाल दिवा दिसला, सासूबाईंचे ओठ हललेले दिसले. पहिला शब्द ‘माझा’ होता की ‘ह्या पोराला’? त्यांची ती सोलापुरी ओढ, शेवटचा शब्द खाली सोडायची पद्धत, ती कशी होती? तिला अर्थ तेवढा माहीत होता. अर्थ कुणीही सांगेल, फाइल में भगवान होता है तसा.

“हेमा?”

गाडी क्वार्टरच्या खाली येऊन थांबली. शेजारपाजारचे चार लोक फुलं घेऊन उभे होते. श्यामनं उतरून दार उघडलं, “आइए सर, घर आ गया,” म्हणाला. पद्माकरराव उतरले नाहीत. बायकोच्या तोंडाकडे बघत बसून राहिले, आणि हेमलता ओठ हलवून पाहत होती, एक शब्द, नुसता पहिला शब्द तरी आठवतो का.